फुप्फुसातील सावली आणि शरीराच्या रक्षक पेशी

वऱ्हाडात दसरा-दिवाळीच्या सुमारास कापसाच्या वेचणीस वेग येतो आणि त्यानंतर अमरावती, अकोला, अकोट, मूर्तिजापूर, दर्यापूर ह्या गावांतील जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उन्हाळा लागेपर्यंत गजबजलेले असतात. ह्या भागात खोकला आणि दम ही तक्रार घेऊन दवाखान्यात आलेल्या माणसाच्या छातीचे क्ष-किरण चित्र काढले जाते व पुष्कळदा "छातीत डाग आहे" एवढे एकच वाक्य घरी पोचते. मग घरात दोनच शब्द उच्चारले जातात, क्षय किंवा कर्करोग. दोन्हींपैकी एक असणे अर्थातच शक्य आहे. परंतु फुप्फुसावर दिसणारी सावली ही दरवेळी रोगजंतूंची वा कर्करोगाची वस्ती असतेच असे नाही. बहुतांश वेळा ती आपल्याच शरीरातील रक्षक पेशींची गर्दी असते. ही गर्दी कोणत्या पेशींची आहे हे कळले म्हणजे तिला कोणी बोलावले ह्याचा माग लागतो. उलटपक्षी, अशी गर्दी फुप्फुसात असूनही क्ष-किरण चित्र अगदी स्वच्छ दिसावे असेही घडते, आणि कापसाच्या धुळीत राबणाऱ्यांच्या बाबतीत नेमके हेच घडते. ग्रामपातळीवर काम करणाऱ्यांना ह्या विषयाची तोंडओळख असणे त्यामुळे अगत्याचे आहे.

पेशी जमतात कशा?

प्रौढ माणूस दिवसाकाठी सुमारे दहा हजार लिटर हवा आत घेतो. ती ज्या वायुकोशांपर्यंत पोचते त्यांची संख्या कोट्यवधी असून त्यांचा एकूण पृष्ठभाग ७० चौरस मीटरच्या घरात जातो. इतके मोठे अंगण उघडे ठेवावयाचे तर राखणदार हवेतच. प्रत्येक वायुकोशात भक्षकपेशी कायम वास्तव्य करून असतात. आलेला धूलिकण वा जंतू गिळावा व गुपचूप पचवावा हे त्यांचे नित्याचे काम होय, आणि ते बिनबोभाट चालते. पेशी परकी वस्तू गिळून शरीराचे रक्षण करतात हे दाखवून दिले ते रशियन शास्त्रज्ञ एली मेचनिकॉव्ह ह्यांनी. १८८२ साली सिसिलीतील मेसिना येथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा खुपसून ठेवला. दुसऱ्या दिवशी त्या काट्याभोवती फिरत्या पेशींनी गराडा घातलेला त्यांना दिसला. १९०८ चे नोबेल पारितोषिक पॉल एर्लिख ह्यांच्यासमवेत त्यांना मिळाले ते ह्याच मार्गावरील कामासाठी.

आलेला माल गिळण्यापलीकडचा असला म्हणजे भक्षकपेशी हाकाटी करते. तिच्या पृष्ठभागावर काही ग्राहक-रेणू असतात. जंतूंच्या अंगावरील ठरावीक द्रव्ये त्यांना जाऊन भिडली की पेशी इंटरल्यूकिन, टीएनएफ अशी संदेशद्रव्ये सोडू लागते. त्यांच्या योगाने जवळच्या रक्तवाहिनीचे अस्तर चिकट बनते, वाहिनीच्या भिंतीतील सांधे सैल होतात आणि रक्तातून वाहणाऱ्या श्वेतपेशी त्या ठिकाणी अडून भिंतीतून बाहेर पडतात. एरवी शरीरात श्वेतपेशी भिंतीला घासत, लोळत थांबतात. फुप्फुसातील गोष्ट थोडी निराळी आहे. येथील केशवाहिन्या इतक्या अरुंद असतात की न्यूट्रोफिल नावाच्या श्वेतपेशीला अनेक ठिकाणी अंग आवळूनच पुढे सरकावे लागते. त्यामुळे निरोगी माणसाच्या फुप्फुसातही ह्या पेशींचा एक राखीव जमाव वाटेतच खोळंबलेला असतो. संदेश येताच तिचे अंग ताठ होते, पुढे सरकणे थांबते, आणि काही तासांच्या आत वायुकोशात हजारो पेशी उतरतात. फुप्फुसाचा दाह एवढ्या झपाट्याने का भडकतो ह्याचा उलगडा ह्या रचनेत आहे.

जमलेली गर्दी पांगलीही पाहिजे. न्यूट्रोफिल अल्पायुषी असते. काम आटोपले की ती मरते व भक्षकपेशी तिचे कलेवर गिळून जागा साफ करते. ही सफाई नीट झाली की फुप्फुस पूर्ववत होते. मात्र बोलावणे रोज येत राहिले किंवा आतील शत्रू मारता आला नाही, तर गर्दी हटत नाही आणि तिची वस्ती होते. सौम्य, म्हणजे कर्करोग नसलेल्या दाहगाठी ह्या अशा वस्त्या होत.

कापसाची धूळ

नागपूरपर्यंतचा लोहमार्ग १८६७ साली पुरा झाला आणि वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे थेट लिव्हरपूलच्या बाजारात जाऊ लागला. अमरावतीच्या नावावरून तेथे ह्या कापसाला 'ऊमरा' म्हणत. स्थानकांच्या आसपास जिन उभे राहिले ते तेव्हापासून. सरकीपासून रुई वेगळी करताना आणि रुईची गाठ बांधताना जी धूळ उडते ती तेव्हापासून येथील मजुराच्या, त्यातही मोठ्या संख्येने मजूर बाईच्या, श्वासात जात आहे. कापूस पसरणे, यंत्रापुढे तो लोटणे, खालचा कचरा झाडणे ही कामे बहुधा स्त्रियांकडे असतात आणि धूळ तेथेच सर्वाधिक असते.

ताग, अंबाडी विंचरणाऱ्यांना दमा जडतो अशी नोंद इटलीतील वैद्य रामाझिनी ह्यांनी १७०० साली केली होती. पुढे इंग्लंडातील लँकेशायरच्या सूतगिरण्यांत रिचर्ड शिलिंग ह्यांनी १९५० नंतरच्या काळात ह्या विकाराच्या पायऱ्या ठरविल्या. त्यास बिसिनोसिस असे नाव आहे. त्याचे लक्षण मोठे चमत्कारिक आहे. साप्ताहिक सुटीनंतर कामावर येण्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, आणि आठवडा सरत जातो तसतसे बरे वाटू लागते. सुरुवातीच्या काळात कामगारास हा सोमवारचा आळस वाटतो, मुकादमासही तसेच वाटते. वर्षे लोटली की सोमवारचा त्रास मंगळवारी, बुधवारी लांबतो आणि अखेर बारमाही होतो. आपल्याकडील जिन हंगामी असल्याने येथे आणखी एक प्रकार संभवतो. दीर्घ खंडानंतर कामावर रुजू होताना पहिल्या दोन-चार दिवशी अंगात कसकस, थंडी, कोरडा खोकला येतो आणि तो आपोआप ओसरतो. ह्यास गिरणीताप म्हणतात. ताप उतरला म्हणून धुळीची सवय झाली असे मजूर समजतो. वस्तुतः बाधा चालूच असते, तिची जाणीव तेवढी बोथट झालेली असते.

हा सारा प्रकार रुईच्या तंतूमुळे होत असेल असा पूर्वी समज होता. पण शुद्ध तंतू फारसा अपायकारक नसतो. खरा अपराधी आहे तो कापसात मिसळलेला पाला. बोंडाच्या तळाशी पानासारखी छदे असतात. ती वाळली, त्यांवर पाऊस वा दव पडले की त्यांच्यावर काही विशिष्ट जीवाणू वाढतात. जीवाणू मेले तरी त्यांच्या आवरणातील एंडोटॉक्सिन नावाचे द्रव्य शिल्लक राहते आणि चुरगळलेल्या पाल्याबरोबर ते हवेत उडते. अमेरिकेत स्वयंसेवकांना नियंत्रित खोलीत वेगवेगळ्या कापसाची धूळ श्वासातून देऊन केलेल्या व १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, श्वासाची क्षमता किती घटते हे धुळीच्या वजनापेक्षा तीतील एंडोटॉक्सिनच्या मात्रेशी अधिक जुळते. भक्षकपेशीवरील ज्या ग्राहक-रेणूला हे द्रव्य भिडते त्याची ओळख १९९८ मध्ये पटली आणि तीबद्दल ब्रूस बॉयटलर हे २०११ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. म्हणजे जिवंत जंतू एकही नसताना शरीर मात्र जंतूंची धाड आली असे समजून न्यूट्रोफिलची फौज श्वासनलिकांत उतरविते. ती फौज जी जहाल द्रव्ये सोडते त्यांनी अस्तर सुजते, नळ्या आकसतात. हे दररोज, प्रत्येक पाळीत, प्रत्येक हंगामात.

येथे वाचकांनी एक गोष्ट मुद्दाम ध्यानात घ्यावी. ही गर्दी नळ्यांच्या अस्तरात विखुरलेली असल्याने तिची सावली पडत नाही. बिसिनोसिसच्या रुग्णाचे क्ष-किरण चित्र सामान्यतः निर्दोष असते. "फोटो चांगला आहे" असे सांगून अशा बाईला परत पाठविले तर तिच्या दम्याचे कारण कधीच सापडणार नाही. श्वासमापकावर फुंकर घालावयास लावून पाळीच्या आधी व नंतर पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते हे मोजणे हीच खरी परीक्षा. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत व त्यांच्या सहकाऱ्यांनी कापड गिरणी कामगारांचा पाच वर्षे पाठपुरावा करून बिसिनोसिस आणि धूम्रपान इत्यादींमुळे होणारा जुनाट श्वासविकार ह्यांतील भेद स्पष्ट करणारा अभ्यास १९८१ साली प्रसिद्ध केला. गिरणी कामगार निदान एका छताखाली, हजेरीपटावर असे. जिनमधील हंगामी मजूर चार महिने येथे, पुढे आणखी कोठे, आणि त्याची नोंद ठेवणारा कोणी नाही.

कायद्याची नजर ह्या रोगावर पूर्वीच पडलेली आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने ज्या रोगांची सूचना देणे वैद्यकावर बंधनकारक केले त्यांच्या अनुसूचीत बिसिनोसिसचा समावेश होता. कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्याच्या अनुसूचीतही कापूस, अंबाडी यांच्या धुळीने होणारे फुप्फुसविकार आले. तरतूद आहे, पण सूचना द्यावयाची तर निदान व्हावयास हवे, आणि निदानासाठी दवाखान्यात "काम काय करता?" एवढा प्रश्न विचारला जावयास हवा.

धूळ कमी करण्याची सुरुवात मात्र शेतातच होते. दव उडून गेल्यावर, पूर्ण उमललेल्या बोंडांतीलच कापूस वेचावा, पाला-पाचोळा चिकटू देऊ नये, कवडी आणि पावसात भिजलेला कापूस वेगळा ठेवावा, ही शिफारस कृषितज्ज्ञ प्रतीसाठी व भावासाठी करतात. फरदडीचा कचरायुक्त माल चांगल्या कापसात मिसळू नये असेही सांगितले जाते. हीच काळजी जिनमधील बाईच्या फुप्फुसाचेही रक्षण करते, ही बाब शेतकरी मेळाव्यांतून फारशी सांगितली जात नाही. फेब्रुवारी २००० मध्ये केंद्र शासनाने कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केले. त्यातून अनेक जिनांत पूर्वस्वच्छता यंत्रे व वाहकपट्टे आले, हाताने कापूस लोटण्याचे काम घटले. जेथे जुनी पद्धत टिकून आहे तेथे नाकातोंडावर बांधलेले फडके मोठा कचरा अडविते. बारीक धूळ त्यातून पार होते. हवा खेचून घेणारी यंत्रणा हाच तेथे भरवशाचा उपाय होय.

क्षयाची गाठ

दुसरी वस्ती ह्याहून फार वेगळी. ती सावली पाडते, आणि पुष्कळदा ती विजयाची खूण असते हे सांगितल्यास नवल वाटेल.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख ह्यांनी १८८२ मध्ये दाखवून दिला. भक्षकपेशी त्याला गिळते, पण त्याचे मेणचट आवरण तिला पचत नाही. तो तिच्या पोटातच टिकून राहतो. तेव्हा आणखी भक्षकपेशी येतात, एकमेकींना खेटून बसतात, काही तर परस्परांत मिसळून अनेक केंद्रके असलेली राक्षसपेशी बनते. अशा पेशींचे वर्णन लांगहान्स ह्यांनी १८६८ मध्येच, जंतू सापडण्याच्याही आधी, केले होते. काही आठवड्यांत लसिकापेशी येऊन भोवती कडे करतात, त्याबाहेर तंतूंचे कुंपण पडते. ह्या रचनेस ग्रॅन्युलोमा म्हणतात. मध्यभागी प्राणवायू अपुरा पडतो, पेशी मरून दह्यासारखा गाळ साचतो, जंतू सुप्त होतात. कालांतराने त्यात चुना जमून खड्यासारखा टणक ठिपका उरतो. क्षयजंतूची बाधा झालेल्या दहा जणांपैकी सुमारे नऊ जणांना आयुष्यात कधी क्षयरोग होत नाही, तो ह्या बंदोबस्तामुळे. पन्नाशीतील शेतकऱ्याच्या क्ष-किरण चित्रात दिसणारा चुन्याचा ठिपका हा अनेकदा बालपणी जिंकलेल्या लढाईचा दगड असतो. त्यावर औषधोपचाराची गरज नसते.

पण कुंपण राखणारे हटले तर आतला कैदी सुटतो. एचआयव्हीच्या बाधेत लसिकापेशी घटतात आणि गाठ ढासळते. संधिवातासाठी टीएनएफला रोखणारी औषधे प्रचारात आली तेव्हा, २००१ साली, ती घेणाऱ्या रुग्णांत सुप्त क्षय उफाळल्याचे अहवाल प्रसिद्ध झाले. जे संदेशद्रव्य सांध्यात दाह करीत होते तेच फुप्फुसातील कडे सांभाळीत होते, हे त्यावरून माणसांतही दिसून आले. आपल्या खेड्यांत ह्यापेक्षा अधिक आढळणारी कारणे म्हणजे मधुमेह, कुपोषण आणि दारू. म्हणून गाठ जुनी व शांत आहे की जागी आहे हे ठरविणे महत्त्वाचे, आणि ते केवळ चित्रावरून ठरत नाही. थुंकीची तपासणी हवी. गोव्यातील मोलबायो कंपनीने विकसित केलेले ट्रूनॅट हे छोटे यंत्र जंतूचा जनुकीय अंश शोधून काढते, २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यास मान्यता दिली. शासकीय केंद्रांत ही तपासणी व औषधे विनामूल्य असतात. थुंकी न तपासता केवळ डागावरून सहा महिने क्षयाच्या गोळ्या देणे हे जसे चूक, तसेच गोळ्या सुरू झाल्यावर बरे वाटताच त्या सोडणे हेही घातक.

रात्रीचा खोकला

तिसऱ्या प्रकाराचा निर्देश थोडक्यात करतो. रात्री दोन-तीनच्या सुमारास छाती भरून येते, खोकल्याची उबळ येते, क्ष-किरण चित्रात दोन्ही फुप्फुसांवर बारीक ठिपके विखुरलेले दिसतात. हे चित्र पसरलेल्या क्षयासारखेच भासते. अशा रुग्णांचे वर्णन आंध्रातील मदनपल्ली येथून फ्रिमोट-मोलर व बार्टन ह्यांनी १९४० मध्ये केले आणि १९४३ मध्ये वाइनगार्टन ह्यांनी त्यास 'ट्रॉपिकल इओसिनोफिलिया' हे नाव दिले. पुढे उलगडले ते असे की हत्तीरोगाच्या कृमींची सूक्ष्म पिले फुप्फुसात अडकतात आणि त्यांच्याविरुद्ध इओसिनोफिल ह्या पेशींचा लोंढा येतो. रक्तात एरवी घन मिलिमीटरला पाचशेच्या आत असणाऱ्या ह्या पेशी तीन हजारांवर जातात. साधी रक्ततपासणी येथे निर्णायक ठरते, आणि डायइथिलकार्बामाझिन हे औषध तीन आठवडे घेतल्यास बहुतेकांना उतार पडतो. पूर्व विदर्भात हत्तीरोगाचे अस्तित्व असल्याने तेथून कामासाठी वऱ्हाडात येणाऱ्या मजुराच्या बाबतीत ही शक्यता मनात असावी. बुरशी आलेले कुटार वा कडबा उपसणाऱ्यास होणाऱ्या दाहात मात्र लसिकापेशींचे प्राबल्य असते. त्यावर पहिला इलाज म्हणजे ती बुरशी टाळणे.

कर्करोगाची शंका

दाहगाठ कधी कधी कर्करोगाचे हुबेहूब सोंग घेते. न्यूमोनिया पुरता न विरघळता त्या जागी तंतू, भक्षकपेशी, लसिकापेशी ह्यांचा गोळा उरतो आणि चित्रात तो भीतिदायक दिसतो. मोठ्या शहरात होणाऱ्या पेट-स्कॅनने ह्यावर प्रकाश पडेल अशी अपेक्षा असते. परंतु त्या तपासणीत शर्करा अधिक खाणाऱ्या पेशी उजळतात, आणि दाहात जमलेल्या रक्षक पेशीही भरपूर शर्करा खातात. क्षयाची जागी गाठ त्यामुळे कर्करोगासारखीच चमकते. भारतासारख्या देशात हा घोटाळा वारंवार संभवतो. अशा वेळी सुईने तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला म्हणजे गर्दी कोणाची ते दिसते. दाहात अनेक जातींच्या पेशींची सरमिसळ आढळते, कर्करोगात एका बिघडलेल्या वंशाची बेसुमार वाढ. सल्ला दिला असता ही तपासणी टाळू नये. सुई लावल्याने गाठ पसरते ह्या समजापायी अमूल्य महिने वाया जातात.

ह्या कामी एक अगदी साधी वस्तू मोलाची ठरते, ती म्हणजे जुने क्ष-किरण चित्र. भरीव गाठ दोन वर्षांत तसूभरही वाढली नसेल तर ती बहुधा सौम्य असते. हे सांगता येण्यासाठी दोन वर्षांपूर्वीचे चित्र हाती असावे लागते. आपल्याकडे ते कपाटावर गुंडाळून पडते, उंदीर खातात किंवा घर शाकारताना फेकले जाते. शिधापत्रिका व सातबारा ज्या पिशवीत जपतो त्याच पिशवीत छातीचे चित्र, त्यावर तारीख लिहून, ठेवण्यास शिक्षकांनी पालकांना सांगावे.

पंचायतींपुढे तर प्रत्यक्ष कार्यक्रमच आहे. २४ मार्च २०२३ रोजी वाराणसी येथे क्षयमुक्त पंचायत उपक्रमाची घोषणा झाली. त्यात गावातील संशयितांच्या थुंकीची तपासणी किती झाली हे एक मोजमाप धरलेले आहे. क्षयरुग्णाला पोषणासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली. ती खात्यावर जमा होते की नाही हे ग्रामपंचायत सदस्याने विचारावे. ज्या गावांतून मजूर जिनवर जातात तेथे हंगाम सुरू होण्यापूर्वी आशा कार्यकर्तीने त्यांची यादी करावी, मागील हंगामात छाती आवळत होती काय, ती सुटीनंतरच्या दिवशी अधिक आवळत होती काय, हे दोन प्रश्न विचारून उत्तरे प्राथमिक आरोग्य केंद्रात द्यावीत. श्वासमापक प्रत्येक केंद्रात नसतो. त्यासाठी जिल्हा रुग्णालयात वा वैद्यकीय महाविद्यालयात पाठविताना चिठ्ठीवर रुग्णाच्या नावाखाली त्याचा व्यवसाय, जिनमध्ये किती हंगाम काढले आणि नेमके काम कोणते, एवढ्या तीन ओळी अवश्य लिहाव्यात.